पाकिटातला वर्म तसाच हुकाला लावू नका

नमस्कार नाशिककर मंडळी. आज बोलायचंय मासे पकडायला हुकाला लावतात त्या मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळांबद्दल, ज्याला आता सगळे सरळ वर्मच म्हणतात. गंगापूरच्या बॅकवॉटरला नाहीतर दारणाच्या काठाला रॉड घेऊन उभी राहणारी जी पोरं आहेत ना, त्यांच्या डब्यात हे वर्म हमखास असतात, ऑनलाइन मागवलेले, आणि मोबाईलवर बघितलेलं असतं अमेरिकेतलं बास फिशिंग. हा लार्जमाउथ बास मासा मूळचा उत्तर अमेरिकेतला, आपल्या गोदावरीत तो नाही, आपल्याकडे मरळ आहे. पण बासवाल्यांनी इतक्या वर्षांत वर्म कापून, चिकटवून, वितळवून जे शिकून ठेवलंय ते आपल्याला उपयोगाचं आहे, फक्त ते का करतात हे आधी कळलं पाहिजे.

माझं म्हणणं एकच आहे. ब्लेड हातात घ्यायच्या आधी तो वर्म पाण्यात खाली कसा जातो ते बघा. सरळ जातो, गिरक्या घेतो, डोक्यावर पडतो की आडवा हलत हलत उतरतो. बास बऱ्याच वेळा वर्म खाली पडत असतानाच घेतो, तुम्ही रीळ फिरवायला सुरुवात करायच्या आधी. तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो तो, आणि आत काहीतरी कडक लागलं की लगेच थुंकतो. मऊ असलं तर थोडा जास्त वेळ धरून ठेवतो आणि तेवढ्यात तुम्हाला झटका मारता येतो. १९४९ साली ओहायोतल्या ॲक्रन गावात निक क्रीम नावाच्या माणसाने घरच्या स्वयंपाकघरात विनाइल, तेल आणि रंग शिजवून असा वर्म तयार केला. आज डझनाने प्रकार आहेत, पण मऊपणा आणि पाण्यातली हालचाल, या दोनच गोष्टींवर सगळा खेळ आहे.

तर वीस लिटरचा पाण्याचा जुना जार घ्या, वरून कापा, गच्चीवर भरून ठेवा आणि हुकासकट वर्म त्यात सोडा. बाजूने सगळं दिसतं. मला तर वाटतं या जारशिवाय वर्मला हातच लावू नये, कारण काठावर उभं राहून गढूळ पाण्यात काहीच कळत नाही.

आता पहिली गोष्ट म्हणजे वाकडा वर्म. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पाकीट राहिलं की वर्म दुमडून तसेच बसतात, आणि वाकडा वर्म ओढताना गोल फिरतो, तंगूसला पीळ पडतो, मासा तर जवळ येतच नाही. गरम पाण्यात मिनिटभर ठेवा, उकळत्या नाही हां, मग सरळ आडवा ठेवून थंड पाण्यात टाका, तसाच सरळ राहतो. तसंच हूक घालताना. टेक्सास रिग म्हणजे हूक लपवून लावायची पद्धत, त्यात हुकाचं टोक वर्मच्या नाकातून जेमतेम अर्धा सेंटीमीटर आत घालून बाजूने काढतात, हूक फिरवतात आणि टोक परत वर्मच्या अंगात लपवतात म्हणजे गवतात अडकत नाही, पण यात वर्म जरा जरी ताणला किंवा गोळा झाला तरी तो फिरणारच, मग वरून कितीही कापाकापी करा.

कापायचं म्हणाल तर लांबी कमी करायची असेल तेव्हा डोक्याकडून कापा. वळणाऱ्या शेपटीचा वर्म शेपटीकडून कापला तर त्याची हालचालच गेली, मग उरलं काय. दोन-तीनदा हूक घालून डोकं फाटलं की तेवढा तुकडा उडवायचा, खाली नवीन अंग मिळतं, तोच वर्म पुन्हा कामाला येतो. सरळ शेपटीच्या वर्मला मात्र शेपटीत ब्लेडने मधोमध चीर द्या, दोन पाय होतात, पाणी धरतात, आणि तो सावकाश, थरथरत उतरतो. थंड पाण्यात मासा सुस्त असतो तेव्हा हा सावकाशपणा फार कामाचा. उलट झटपट तळाला न्यायचा असेल तर डोक्यात छोटा खिळा खुपसा, वर्म डोक्यावर उभा राहतो आणि शेपटी वर हलते. मधोमध हूक घातला की त्याला नेको रिग म्हणतात, आणि खिळ्याशिवाय नुसता मधोमध हूक घातला तर वॅकी रिग, त्यात दोन्ही टोकं फडफडतात. ही वॅकी मला सगळ्यात आवडते, पण वर्म मधून पटकन तुटतो, म्हणून त्यावर रबरी ओ-रिंग चढवून हूक रिंगच्या खालून घालतात. सातपूर-अंबडच्या हार्डवेअरच्या दुकानात ओ-रिंग सहज मिळते, त्यासाठी वेगळं फिशिंगचं सामान मागवायची काही गरज नाही.

फाटलेला वर्म फेकू नका. लायटरने दोन्ही कडा जरा वितळवून जोडल्या की चिकटतात, उघड्या जागेत करा कारण धूर वाईट असतो, नाहीतर फेव्हिक्विकचा एक थेंब. रंगाचं म्हणाल तर स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात काळा किंवा गडद निळा, कारण गढुळात माशाला आकृती दिसली पाहिजे. शेपटीचं टोक पिवळ्या-हिरव्या डायमध्ये बुडवतात तेही चांगलं. लसणाचा नाहीतर बडीशेपेचा वास लावतात, लावा, पण चुकीचा पडणारा वर्म वासाने सुधारत नाही.

आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे वर्म एका डब्यात कोंबू नका. रंग एकमेकांत उतरतात, काही प्लॅस्टिक तर एकमेकांना लागून अक्षरशः वितळून चिकट लगदा होतं. मूळ पाकिटातच ठेवा.

आता आपल्या मरळकडे येऊ. मरळ हवेतून श्वास घेते, सारखी वर येते, जलपर्णीच्या आणि गवताच्या कडेला दबा धरून असते. म्हणजे बाससाठी जो प्लॅस्टिकमध्येच मीठ मिसळून जड केलेला वर्म छान, तोच इथे गवतातून खाली जाऊन हरवतो. इथे वजन काढून टाका, मीठ नसलेला वर्म घ्या आणि शेपटीत चीर पाडून जुन्या स्लिपरच्या फोमचा तुकडा बसवा, म्हणजे तो वर वर राहतो आणि शेपटी उचलून धरतो. थर्माकोल नको, या मऊ प्लॅस्टिकमधलं तेल थर्माकोल खाऊन टाकतं. मरळला दात असतात, बासचे नुसते खरखरीत असतात, त्यामुळे वर्म एकाच माशात जाऊ शकतो, म्हणून डोक्यापाशी हुकाला फेव्हिक्विकने पक्का करा. जारमध्ये टाकून बघा, तरंगतोय का ते, तिथेच कळेल फोम किती लागतो.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा घोळका एकत्र हलताना दिसला तर त्याच्या खाली आई-बाप मरळ राखणीला असतात, आणि त्यावेळी ती कशावरही तुटून पडते. तिथे वर्म टाकू नका. ती मरळ उचलली की पिल्लांना दुसरे मासे काही मिनिटांत फस्त करतात, मला हे बघवत नाही. नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे, तिथे गळ नकोच, आणि धरणावर जाताना तिथल्या मच्छीमार सोसायटीला आधी विचारा, हक्क त्यांचा असतो.

तुटलेले तुकडे काठावर किंवा पाण्यात सोडू नका. हे कुजत नाहीत, मासे गिळतात आणि पोटात अडकून राहतात. खिशात एक रिकामं पाकीट ठेवा, त्यात टाका, घरी जमले की वितळवून जोडायला तेच तुकडे कामी येतात.

आणि हो, ओ-रिंग घ्यायला जाल तेव्हा एक वर्म बरोबर घेऊन जा, दुकानातच चढवून बघा, घट्ट बसली पाहिजे पण वर्मला कंबर पडता कामा नये. नमस्कार.