कोयता गेल्यावर वर्गात कोण उरतं?

तुम्ही मला 'शाळेतली समता' ह्या विषयावर बोलायला बोलावलंत आणि समोर बसलेत ते बहुतेक सगळे झेडपीचेच शिक्षक, त्यामुळं मी कायदा वाचून दाखवत नाही, तो तुम्हाला पाठ आहे. माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात, धारूर, वडवणी, केज ह्या ऊसतोड मजुरांच्या पट्ट्यात गेली, आधी वर्गावर, मग मुख्याध्यापक, शेवटी केंद्रप्रमुख. एवढ्या नोकरीत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. आपल्याकडचं लेकरू मागं पडतं ते शाळेचं वेळापत्रक, हजेरी, बसायची जागा आणि वर्गात प्रश्न कुणाला विचारला जातो, असल्या रोजच्या गोष्टींनी, आणि ह्यातलं बरंचसं आपल्या हातात असतं.

वेळापत्रकाचंच घ्या. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असती, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर गावात येऊन उभा राहतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि निघाले सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर पार कर्नाटकात. लेकरं सोबत. परत येतात मार्च-एप्रिलला. आता आपलं दुसरं सत्र कधी असतं ते बघा, म्हणजे वर्गात भागाकार चालू असतो तेव्हा हे लेकरू उसाच्या फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत असतं आणि थोरली पोरगी असली तर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळत असती. एप्रिलला ते परत आलं की आपण पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात संकलित चाचणीचा पेपर देतो आणि मार्क बघून लिहून टाकतो, अप्रगत. मला हे फार लागायचं. चार-पाच महिने त्याला शाळाच मिळाली नव्हती, मग अप्रगत कोण?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 4 मध्ये स्पष्ट आहे की असं लेकरू वयानुरूप वर्गात बसवायचं आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं, तो त्याचा हक्क आहे. कागदावर आपण सगळेच देतो. आमच्या केंद्रातल्या काही शाळांनी मात्र एप्रिलमध्ये सकाळचे पहिले दोन तास इयत्ताच बाजूला ठेवल्या, ज्याला अक्षरं येतात तो एका गटात, शब्द वाचतो तो दुसऱ्या, उतारा वाचतो तो तिसऱ्या. ह्यात एक अडचण हमखास येती, पाचवीतली उंच पोरगी दुसरीच्या पोरांत बसायला लाजती, आणि लाजली की दुसऱ्या दिवशी येतच नाही. त्यासाठी तिला त्याच गटात काहीतरी मानाचं काम द्यावं लागतं, गोष्ट वाचताना पुस्तक तिच्या हातात, चित्र दाखवणार ती, आणि तेवढं पान आदल्या दिवशी तिच्याकडून वाचून घ्यायचं. एवढंसं काम आहे पण त्यानं ती टिकती.

गणिताचा एक तास सांगते. 2024 च्या सुरुवातीला तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला, तेव्हा एका शाळेत भेटीला गेले होते. बाईंनी फळ्यावर लिहिलं, उचल एक लाख, एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो, तर उचल फिटायला किती दिवस? पुस्तकातल्या आंब्यांच्या पेट्यांपुढं गप्प बसणारी पोरं एकदम पुढं सरकली. 366 दुणे 732. लाखाला 732 नं भागलं, 136 भाग गेला आणि बाकी उरली, म्हणजे 137 दिवस. साडेचार महिने! तेवढ्यात नुकतीच फडावरून आलेली एक पोरगी उठली आणि म्हणाली, बाई, खाड्याचं, कामावर न गेलेल्या दिवसाचं, धरलंच नाही तुम्ही, माझी आई तापानं पडली तर मुकादमानं खाड्याचे पैसे कापले. मग बाईंनी खाडे धरून गणित परत मांडलं, आणि त्या दिवशी वर्गाला शिकवणारी ती पोरगी होती, गावातच राहिलेली सगळी पोरं तिला विचारत होती की वजन कोण करतं, वाढं विकलं तर पैसे कुणाचे. जिला आपण अप्रगत लिहिणार होतो तिच्याकडं हे सगळं ज्ञान आधीपासून होतं, फक्त आपल्या फळ्यावर त्याला जागा नव्हती.

प्रश्न कुणाला विचारतो हे पण बघा. एखाद्या दिवशी मोबाईलवर स्वतःच्या तासाचं रेकॉर्डिंग करा आणि ऐका, तीच चार नावं येतात, बहुतेक पुढच्या बाकावरची, बहुतेक पोरं, आणि गावातल्या त्याच दोन-तीन आडनावांची. डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका आणि चिठ्ठी निघंल त्याला विचारा. विचारल्यावर मात्र थांबा, आपण दोन सेकंदात पुढच्याकडं वळतो, दोन सेकंदात बंजारा तांड्यावरचं लेकरू आपला प्रश्न स्वतःच्या बोलीत सुद्धा लावून घेऊ शकत नाही. घरी आईला याडी म्हणणारं लेकरू पहिलीत येतं आणि पहिल्याच दिवसापासून सगळं प्रमाण मराठीत ऐकतं. तुम्हाला त्याची गोरमाटी बोली येत नसंल तर त्याच्याकडूनच शंभरेक शब्द शिका ना, वर्गात तक्ता लावा, त्यानं काही कमीपणा येत नाही. आणि झाडू कुणाच्या हातात असतो, खिचडी कोण वाढतं, पाण्याच्या टाकीवर कोण आधी जातं, हे मुख्याध्यापकानं रोज स्वतः डोळ्यानं बघावं. पाळीचा तक्ता लावा, पोरं पण झाडतील, आणि सगळ्या वस्त्यांतली लेकरं वाढतील. पालक तक्रार घेऊन येतात, आमच्याकडं पण आले, बसवून बोललो, तक्ता काही काढला नाही.

आता पोरींचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21 मध्ये बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 43.7 टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आकडा मी प्रत्येक बैठकीत सांगते, लोकांना कंटाळा आला तरी. आई-बाप फडावर, पोरगी तेरा-चौदाची, तिला कुणाच्या भरवशावर ठेवायची, ह्या भीतीनं हात पिवळे करून टाकतात. त्यांना नुसतं समजावून उपयोग नाही, तिच्या राहण्याची खात्रीची सोय लागती. बाबासाहेबांनी 1950 ला औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, निजामाच्या राज्यातून सुटून मराठवाड्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि तिथं पण वसतिगृह होतं म्हणून खेड्यापाड्यातली पोरं शिकू शकली. राहायची सोय हा शाळेचाच भाग आहे हे आपल्या भागाला तेव्हापासून माहीत आहे. आई-बाप तोडणीला गेले की लेकरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाकडं मात्र आपण अजून जास्तीचं काम म्हणून बघतो.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे, ह्या वसतिगृहात ठेवायच्या लेकरांची यादी पोळ्यानंतर लगेच करायला घ्या. ट्रॅक्टर दारात आल्यावर घाईत केलेल्या यादीत निम्मी नावं सुटतात आणि सुटतात ती पोरींचीच. वस्तीवर, तांड्यावर संध्याकाळी जा, दिवसा घरी कुणी नसतं. आई-बापाशी बोला तसं मागं राहणाऱ्या आज्जीशी पण बोला, कारण खरा होकार तिचाच असतो. पोरींसाठी रात्री मुक्कामाला गावातली ओळखीची बाई ठरवा, तिचं नाव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात घाला आणि मग प्रस्ताव गटसाधन केंद्रात द्या. जी लेकरं तरी पण जातीलच त्यांना तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड द्या आणि आई-बापाला नीट सांगा की दाखला नाही म्हणून तिकडची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. कार्डावर तुमचा मोबाईल नंबर लिहा, म्हणजे तिकडच्या गुरुजींना लेकरू कुठपर्यंत शिकलंय ते तुम्हालाच विचारता येईल.