रात्रीची गाडी आणि उशिराचा हिशेब

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

मुंबईतल्या कोकणी माणसांसमोर रात्रीच्या गाडीविषयी बोलण्याचे धाडस मी करते आहे, कारण या सभागृहातल्या बहुतेकांनी दादर, ठाणे नाहीतर पनवेलच्या फलाटावर पिशवीवर बसून घोषणेकडे कान लावलेला आहे. मी स्वतः मुंबईत शाळेत शिकवत असताना आणि आईवडील कुडाळजवळच्या गावी असताना अनेक वर्षे महिन्या-दोन महिन्यांनी हा प्रवास केला. शनिवारची शाळा संपवून रात्री निघायचे आणि रविवारी रात्री परतीची गाडी पकडून सोमवारी वर्गावर उभे राहायचे, असा तो क्रम होता. गाडी दोन तास चुकली तर तिकडे आईचे जेवण थांबायचे आणि इकडे माझा पहिला तास बुडायचा. त्यामुळे उशीर हा माझ्यासाठी कधी गप्पांचा विषय नव्हता. तो समजून घ्यावा लागला, आणि समजून घेताना एक गोष्ट ध्यानात आली की उशीर एकाच जातीचा नसतो. आपण कोणत्या जातीच्या उशिरात सापडलो आहोत हे ज्याला कळते त्याला पुढचे चार तास कसे काढायचे हेही कळते.

उशिराकडे वळण्याआधी बर्थविषयी दोन शब्द सांगते. तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, तरी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्याच होत्या. त्या फळ्यांवर फोम आला तो मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, म्हणजे १९७७ ते १९७९ या काळात. दंडवते राजापूरचे खासदार होते, आणि ज्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा रूळही नव्हता तिथल्या प्रतिनिधीने साऱ्या देशातल्या सामान्य प्रवाशाच्या पाठीचा विचार केला, याचा मला आजही अभिमान वाटतो. त्यांच्या कोकणात रेल्वे पूर्णपणे धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी.

आता मूळ प्रश्न. पनवेलला वीस मिनिटे उशिरा सुटलेली गाडी रत्नागिरीला कधी कधी तास-दीड तास उशिरा का पोहोचते? गाडी तर वाटेत नादुरुस्त झालेली नसते. याचे उत्तर रुळांत आहे. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा आहे. त्यातला रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला, आणि बाकी जवळजवळ सगळा मार्ग एकेरी आहे. २०२२ पर्यंत संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले, तरी रूळ एकच राहिला. एका रुळावरून समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या फक्त स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात. त्यालाच आपण क्रॉसिंग म्हणतो. एक गाडी बाजूच्या लूप लाइनवर थांबते, दुसरी मेन लाइनवरून निघून जाते, मग पहिलीला सिग्नल मिळतो.

म्हणजे एकेरी मार्गाचे वेळापत्रक हे खरे तर भेटींचे वेळापत्रक असते. अमुक गाडीने अमुक वेळी अमुक स्थानकात समोरच्या गाडीला भेटायचे, अशा रात्रीतून अनेक भेटी ठरलेल्या असतात. आपली गाडी वीस मिनिटे मागे पडली की पहिली भेट चुकते. मग नियंत्रण कक्षाला ठरवावे लागते की समोरच्या वेळेवर असलेल्या गाडीला आपल्यासाठी थांबवायचे, की तिला पुढे येऊ द्यायचे आणि आपल्याला एक स्थानक आधीच उभे करायचे. वेळेवर असलेल्या गाडीला उगाच शिक्षा का द्यावी, हा विचार रास्त आहे, म्हणून बहुतेक वेळा आपणच थांबतो. तिथे आणखी पंचवीस मिनिटे जातात आणि त्यामुळे पुढची भेटही चुकते. मागून एखादी अधिक वेगाची गाडी आली तर तिलाही वाट द्यावी लागते. शिवाय कोकण रेल्वेवर १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा आहे, मालगाड्याही आहेत, आणि त्या सगळ्यांना तोच एक रूळ वापरायचा असतो. उशीर उशिराला जन्म देतो तो असा. रात्री दोन वाजता एखाद्या अंधाऱ्या स्थानकात गाडी उभी राहते आणि बाजूने दुसरी धडधडत निघून जाते, तेव्हा पुष्कळ प्रवाशांना वाटते की आपल्यावर अन्याय झाला. अन्याय झालेला नसतो, आपली ठरलेली जागा गेलेली असते.

याच गणिताची दुसरी बाजूही सांगायला हवी. वेळापत्रकात मोठ्या स्थानकांच्या आणि अखेरच्या स्थानकाच्या अलीकडे थोडा मोकळा वेळ मुद्दाम ठेवलेला असतो. त्यामुळे मध्यरात्री पन्नास मिनिटे मागे असलेली गाडी पहाटे पंधरा मिनिटांवर येऊ शकते. म्हणून घरच्यांना मध्यरात्री फोन करून ‘दोन तास तरी उशीर होईल’ असे सांगू नये. मी एकदा तसे सांगितले, गाडीने वेळ भरून काढला, आणि माझा भाऊ घरातून निघण्याआधी मी कुडाळच्या फलाटावर उतरून उभी होते.

उशिराची दुसरी जात गाडी सुटण्याआधीच जन्मलेली असते. डब्यांची एक माळ एकाच गाडीसाठी राखून ठेवलेली नसते. कोकणकन्या आणि मांडवी या दोन गाड्यांचे डबे एकमेकींत फिरतात. येणारी गाडी फार उशिरा आली तर तिचे डबे धुवून, तपासून, पाणी भरूनच पुन्हा सोडावे लागतात. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडले की तिकडून येणाऱ्या गाड्यांचे असेच होते, आणि दिल्लीकडचे धुके मुंबईच्या स्वच्छ हवेत उभ्या असलेल्या प्रवाशाला फलाटावर बसवून ठेवते. या जातीचा उशीर आधी ओळखता येतो. घरून निघण्यापूर्वी आपल्या गाडीबरोबरच जिचे डबे आपल्याला मिळणार आहेत ती गाडी कुठवर आली आहे, तेही पाहावे.

तिसरी जात मुंबईत शिरताना भेटते. पहाटे यायची गाडी सकाळी आठ-साडेआठला ठाण्याजवळ आली तर तिला लोकलच्या गर्दीच्या वेळेतून वाट काढावी लागते, आणि त्या वेळी लोकलला प्राधान्य असते. रात्रभर बसलेल्या माणसाला शेवटचे तीस किलोमीटर सगळ्यात लांब वाटतात. पण डोंबिवली-ठाण्याच्या फलाटांवर उभे असलेले हजारो लोकही कामावरच निघालेले असतात, आणि आपली एक गाडी पुढे काढण्यासाठी त्यांच्या चार लोकल अडवाव्यात असे मला कधी वाटले नाही. ठाण्यालाच उतरून लोकल पकडणे हा अशा वेळी बहुधा शहाणपणाचा मार्ग असतो.

चौथी जात पावसाची, आणि तिच्याविषयी मला मनापासून बोलायचे आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. ९० हून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल आणि जांभ्या मातीचे उभे कापलेले डोंगर, अशा वाटेवर पावसाळ्यात काय होऊ शकते हे त्या दोन जून महिन्यांनी दाखवले. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे होते, आणि २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर असे झाले. या काळात गाड्या मुळातच सावकाश चालवतात, आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणण्याच्या सूचना चालकांना असतात. कापलेल्या डोंगरांवर आणि बोगद्यांच्या तोंडांशी रात्रंदिवस गस्त असते. इतके करूनही जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला रुळावर दरड आली. दोन्ही वेळा वाहतूक थांबली आणि गाड्या जागोजागी अडकून पडल्या. ती थांबली हेच योग्य झाले.

अशाच एका जुलैच्या रात्री कणकवलीच्या अलीकडे एका लहान स्थानकात आमची गाडी उभी राहिली. आई आजारी होती म्हणून मी निघाले होते. पहिला तास लोक झोपेत होते, दुसऱ्या तासाला कुजबूज सुरू झाली, तिसऱ्या तासाला आवाज चढले. पाऊस थांबत नव्हता. तेवढ्यात रेनकोट घातलेला, हातात बत्ती असलेला एक गस्तवाला फलाटावरून चालत आला. आमच्या डब्यातल्या एका आजोबांनी खिडकीतून त्याला विचारले. तो थांबला आणि म्हणाला, “फुडे माती सुटली हा. बगून इल्याशिवाय गाडी सोडूची नाय. तुमी निजा.” एवढे बोलून तो पुन्हा पावसात निघून गेला. गाडी त्यानंतरही दीड तास हलली नाही, पण डब्यात एकही आवाज चढला नाही. लोकांनी डबे उघडले, एकमेकांना दिले आणि खरोखरच झोपले. आमच्यासाठी कुणीतरी त्या पावसात डोंगराखाली उभे आहे, हे कळल्यावर थांबणे वेगळे झाले होते.

याच्या उलटही मी अनुभवले आहे. कोकणाबाहेरच्या एका मार्गावर गाडी भर उन्हात पाच तास आउटरला, म्हणजे स्थानकाबाहेरच्या सिग्नलपाशी, उभी होती, आणि त्या पाच तासांत कारण सांगणारा एक माणूस आला नाही. माझ्या समोरच्या बाई वडिलांच्या अंत्यदर्शनाला निघाल्या होत्या. गाडी कधी सुटेल हे निदान कुणी सांगितले असते तर घरच्यांनी थांबायचे की नाही ते त्यांना ठरवता आले असते. उशिरापेक्षा ते मौन अधिक क्रूर होते, असे मी आजही म्हणेन. किती मिनिटे उशीर आहे ते फोनवर दिसते, का आहे ते दिसत नाही. घोषणेत कारणही सांगावे, साध्या मराठीत सांगावे, आणि डब्यात फिरणाऱ्या टीसीला ते माहीत असावे, ही मागणी आपण प्रवाशांनी सातत्याने लावून धरली पाहिजे.

आता अडकलोच तर काय करावे? २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर महिला होत्या. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढेपर्यंत दुपार झाली. त्या दिवशी रेल्वेने पुन्हा पुन्हा सांगितले होते की गाडीतून उतरू नका, डबा सुरक्षित आहे. बाहेर पाणी किंवा काळोख असताना कंटाळून रुळांवर उतरणे ही सगळ्यात मोठी चूक आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासच्या गावांतली माणसे मदतीला धावली, पण ती पोहोचेपर्यंतचे तास प्रवाशांना स्वतःजवळच्या पाण्यावर आणि खाण्यावर काढावे लागले.

म्हणून शिदोरी एका जेवणाची न घेता दोन जेवणांची घ्यावी. माझी आई पावसाळ्यात दशम्या द्यायची, कारण पीठ दुधात भिजवलेले असल्याने त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बरोबर लसणीची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा असायचा. रसाची भाजी रात्रीच्या गाडीत नेऊ नये. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे दोन दिवसांची असावीत आणि ती बर्थखालच्या मोठ्या पेटीत न ठेवता उशाच्या पिशवीत असावीत. फोनची बॅटरी बोगद्यांच्या पट्ट्यात नेटवर्क शोधण्यातच निम्मी संपते, म्हणून तिथे फोन विमान मोडवर टाकून ठेवावा.

गजर लावून निर्धास्त राहू नये. वेळेचा लावला आणि गाडी उशिरा असेल तर तो तुम्हाला उगाच जागे करील, आणि उशिराचा लावला आणि गाडीने वेळ भरून काढला असेल तर उशिरा जागे करील. स्थानकांचा क्रम पाठ असावा. कुडाळला उतरायचे असेल तर कणकवली आली की उठावे, सिंधुदुर्ग आले की सामान दाराशी न्यावे. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपण्याची वेळ मानलेली आहे, त्यानंतर खालचा बर्थ बसण्यासाठी सोडावा लागतो. उशिरा चाललेल्या गाडीत सकाळचे भांडण बहुधा यावरूनच होते, म्हणून हा नियम दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला बरा.

पैशांचेही सांगून टाकते. तुम्ही जिथून गाडीत चढणार त्या स्थानकावर गाडी सुटायला तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर पूर्ण भाडे परत मिळते. मात्र ऑनलाइन तिकिटासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावा लागतो. एका गाडीतून उतरून दुसरी पकडायची असेल तर दोन्ही तिकिटांचे पीएनआर जोडून घ्यावेत. एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे, आणि पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे भाडे त्यामुळे परत मागता येते.

अखेरचा मुद्दा उतरल्यानंतरचा. कोकणात ज्या स्थानकाच्या नावात ‘रोड’ आहे तिथे गाव बहुधा जवळ नसते. राजापूर रोडवरून राजापूर लांब आहे, सावंतवाडी रोड स्थानक मळगावात आहे. रात्री तीनला पोहोचणारी गाडी पाचला पोहोचली तर एकट्या बाईसाठी तो उशीर उपकारच ठरतो, कारण उजाडायला फार वेळ राहिलेला नसतो आणि पहिली एसटी मिळते. वेळेवर तीनला उतरलात तर प्रतीक्षागृहात थांबावे. रिक्षावाल्याला आदल्या दिवशी फोन करताना वेळ सांगू नये, गाडीचे नाव सांगावे. तो गाडी कुठवर आली ते स्वतः पाहून बरोबर येतो, आणि तुम्हाला अर्ध्या रात्री त्याला चार फोन करावे लागत नाहीत.

हल्ली आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणजे गणपतीला जाणाऱ्यांनी तारखा आताच मोजायला हव्यात. रोह्यापासून मडगावपर्यंतच्या स्थानकांचा क्रम मी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून आणला आहे. त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. घरात वयस्कर माणसे असतील त्यांनी एक जास्त घेऊन जावी.