शार्त्रच्या काचेतले कारागीर

पॅरिसहून ट्रेनने साधारण तासाभरात शार्त्र येतं, आणि गाव यायच्या आधीच गव्हाच्या सपाट शेतांवर कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसायला लागतात, एक बाराव्या शतकातला साधा, दुसरा सोळाव्या शतकातला नक्षीने भरलेला.

1194 साली इथं मोठी आग लागली, आधीचं चर्च जळालं, पश्चिमेकडचा दर्शनी भाग आणि तळघर तेवढं वाचलं. लोकांनी लगेच परत बांधायला घेतलं आणि पंचवीस-तीस वर्षांत बहुतेक काम उरकलंसुद्धा! छताची कमान जवळपास 37 मीटरवर आहे, म्हणजे दहा-बारा मजल्यांच्या बिल्डिंगएवढी, आणि ते ओझं नुसत्या भिंतीवर टाकलं असतं तर भिंती जाडजूड आणि खिडक्या बारक्या ठेवाव्या लागल्या असत्या. म्हणून बाहेरून कमानीसारखे दगडी टेकू दिले, छताचा रेटा तिकडे गेला, भिंत मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या जागेत त्यांनी रंगीत काच बसवली.

आत शिरल्यावर दोन मिनिटं गप उभं राहा, डोळे सरावू द्या, मग तो निळा रंग हळूहळू उजळायला लागतो.

इथं सगळेच मान वर करून बघतात, पण मी म्हणेन आधी खिडकीच्या तळाशी बघा, कारण गोष्ट खालून वर वाचायची असते. उजव्या हाताला दयाळू शोमरोनीची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची खिडकी आहे, वर बायबलची कथा आणि अगदी खालच्या चौकटीत चपला-जोडे बनवणारे कामाला बसलेत. डावीकडे महापुराआधी मोठं जहाज बांधणाऱ्या बायबलमधल्या नोहाच्या खिडकीत सुतार आणि पिपं बनवणारे. आपल्याकडच्या बलुतेदारांची आठवण येतेच. खिडक्यांचे पैसे याच लोकांनी दिले का यावर अभ्यासकांत वाद आहे, पण आठशे वर्षं ते देवाच्या गोष्टीखाली आपलं काम करतायत हे मला फार मोठं वाटतं.

1939 मध्ये, युद्धाच्या तोंडावर, या काचा उतरवून सुरक्षित जागी हलवल्या होत्या, म्हणून आज आपण त्या बघतोय.

आता वेदीच्या मागे, प्रदक्षिणेच्या वाटेवर या. संत शेरोंच्या खिडकीत खाली दगडाचे कारागीर आहेत, ज्यांनी हे सगळं उभं केलं तसलेच. राजांच्या मूर्ती घडवणं चाललंय, आणि त्यातल्या एकाने काम थांबवून पेला तोंडाला लावलाय.