रोहूच्या डोक्यामागचा लाल पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

रोहू साफ करताना आतडी काढली, की कण्याला चिकटलेला काळपट लाल पट्टा दिसतो. तो खरवडून टाकतात. ते माशाचं मूत्रपिंड. पण कल्ल्यांमागचा, अगदी पुढचा भाग मूत्र गाळतच नाही. तिथे रक्तपेशी बनतात, प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना जखडणारी प्रथिनं, तयार करणाऱ्या बी पेशी वाढतात, आणि मधूनच गेलेल्या शिरांच्या कडेनं कॉर्टिसॉल व ॲड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं स्रवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. आपली अस्थिमज्जा आणि ॲड्रेनल ग्रंथी, दोघींचा एकच संसार!

मत्स्यपालकांना हा शेजार महागात पडतो. जाळं ओढलं की काही मिनिटांत कॉर्टिसॉल चढतं. म्हणून संशोधक मासा हाती आल्यापासून साधारण 3 मिनिटांत रक्त काढतात. उशीर झाला तर मोजमाप होतं ते आपल्याच हाताळणीचं. कॉर्टिसॉल प्रतिकारशक्तीला आवर घालतं: रक्तातल्या लिम्फोसाइट (बी पेशींच्या जातीच्या पांढऱ्या पेशी) घटतात, न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात. गर्दी तशीच राहिली, तर काही दिवसांनी खरचटलेल्या जागी कापसासारखी बुरशी धरते. नुसतं औषध ओतून ती हटत नाही, आधी गर्दी कमी करावी लागते. लसही प्रतवारीच्या धांदलीत टोचू नये.

पण मग प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं संप्रेरक उत्क्रांतीत टिकलं कसं? बेडकाकडे पाहा. शेपटीवाल्या पिल्लाचा बेडूक होताना थायरॉइडच्या संप्रेरकांबरोबर कॉर्टिकोस्टेरॉइडंही वाढतात आणि थायमस या प्रतिकारपेशी घडवणाऱ्या ग्रंथीमधल्या लिम्फोसाइट झपाट्यानं घटतात. प्रौढ शरीरातली नवी प्रथिनं परकी समजून त्यांच्यावर हल्ला होऊ नये, यासाठी ही माघार असावी, असं मानतात.

सस्तन प्राण्यांत घरं वेगळी झाली: मज्जा हाडांत, ॲड्रेनल मूत्रपिंडावर. निरोप आता रक्तातून जातो. 1936 साली हान्स सेली यांनी दाखवलं, की थंडी, जखम, विष असा कोणताही ताण दिला, तरी उंदरांची ॲड्रेनल फुगते आणि थायमस आक्रसतं. उलटा निरोपही आहे. संसर्गात प्रतिकारपेशींनी सोडलेलं इंटरल्यूकिन-1 हे निरोप्या प्रथिन मेंदूमार्फत कॉर्टिसॉल वाढवतं. दाह पेटवणाराच ब्रेकही दाबतो. दूध आणणारं प्रोलॅक्टिन आणि वाढीचं संप्रेरक यांचे रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारी प्रथिनं, तर अनेक इंटरल्यूकिनांच्या रिसेप्टरांच्याच घराण्यातले. या घराण्याचा एक सदस्य फळमाशीतही सापडतो, म्हणजे हे नातं पाठीच्या कण्याहूनही जुनं.

दाह शमवायला प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलसारखं औषध देतात, ते हाच ब्रेक बाहेरून दाबणं. गोळ्या तीन आठवड्यांहून जास्त चालल्या, तर पियुषिकेचा, म्हणजे ॲड्रेनलला हुकूम देणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीचा, निरोप मंदावतो आणि ॲड्रेनलचा बाहेरचा थर आक्रसू शकतो. त्या एकदम थांबवल्या, तर ताप किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल पुरत नाही आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.