डावखुरी गोगलगाय

(दृश्य : वखरलेलं काळं रान, धुऱ्यावर दगडांचे ढीग)

वरोरा तालुका, जिल्हा चंद्रपूर. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, रान वखरून तयार आहे. वखराला अडलेले दगड दरवर्षी वेचायचे आणि धुऱ्यावर फेकायचे, ही इथली जुनी रीत. ते पलटून पाहायला कुणाला सवड असते? आज भूशास्त्राचे विद्यार्थी सकाळपासून तेच करताहेत.

(दृश्य : तळहातावरचा शंख, अगदी जवळून)

गारगोटीसारख्या दगडात रुतलेली ही गोगलगाय. समुद्रातली नाही, गोड्या पाण्यातली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात लाव्हा वाहत होता, पण सलग नाही. दोन उद्रेकांच्या मध्ये लांबलचक उसंत मिळायची. थिजलेल्या लाव्हावरच्या खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची, तळ्यांत मासे आणि गोगलगायी नांदायच्या. मग पुढचा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. लाव्हाच्या दोन थरांमधल्या या गाळाला अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. पाण्यात विरघळलेली सिलिका त्यात झिरपली आणि नाजूक शंखांचा टणक दगड झाला.

याच तालुक्यात पिसदुरा आहे. तिथे डायनासोरची हाडं सापडली, त्यांची दगड झालेली विष्ठाही सापडली. बाहेरचे पाहुणे येतात ते त्यासाठी. आमचा कॅमेरा मात्र गोगलगायीवरून हलणार नाही.

(दृश्य : शंख फिरवणारी बोटं)

पहिलं काम, शंख नीट धरणं. टोक वर, तोंड आपल्याकडे. आता बघा, तोंड कोणत्या बाजूला आलं? डाव्या. बहुतेक गोगलगायींचं ते उजव्या बाजूला येतं. (देवघरातला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंखसुद्धा असा धरला की डावाच निघतो. परंपरेत शंख धरायची रीत उलटी आहे, एवढंच.) या एका खुणेने ओळखीचं अर्धं काम होतं. डावं वळण, आखूड टोक, फुगलेला शेवटचा वेढा आणि लांबट तोंड, म्हणजे फायसा नावाच्या गोगलगायींचं घराणं. आजच्या फायसा बहुधा बोटाच्या पेराहून लहान असतात. ही त्यांच्या कित्येक पट मोठी.

(दृश्य : टेबल, सुई, व्हर्नियर कॅलिपर, वही)

पुढचं काम खोलीतलं. सुईने माती कोरायची, ब्रशने झाडायची, नमुन्यावर क्रमांक घालायचा. मग मोजमाप : पूर्ण उंची, रुंदी, तोंडाची उंची, टोकाचा कोन, वेढे किती. दोन वेढ्यांमधला सांधा खोल आहे की उथळ? पृष्ठभागावर रेघा आहेत की गुळगुळीत? कंटाळवाणं वाटेल. पण गोगलगायीचं मऊ शरीर कधीच कुजून गेलं. हातात आहे ते फक्त घर, आणि घरावरून घरमालक ओळखायचा आहे.

(दृश्य : काचेच्या नळीतून निघणारा पांढरा धूर)

आणि हा नवसागर. हो, कल्हईवाले वापरतात तोच. तापवला की त्याचा पांढरा धूर शंखावर बसतो, दगडाचे डाग आणि चकाकी झाकली जाते, आणि तिरप्या उजेडात बारीकशी रेघही उठून दिसते. फोटो झाला की धुऊन टाकायचा. जगभरच्या जीवाश्म प्रयोगशाळांत हेच करतात. त्याला लाखो रुपयांचं यंत्र लागत नाही, हे आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कॉलेजांनी मनावर घ्यावं.

(दृश्य : हिस्लॉप कॉलेज, नागपूर)

या गोगलगायीला १८४० मध्ये इंग्लंडच्या सोवर्बीने नाव दिलं, फायसा प्रिन्सेपी. नमुने माल्कमसन या लष्करी डॉक्टरने जमवलेले. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचं नाव असं आपल्या दगडाला चिकटलं. पुढे नागपुरात धर्मप्रसारासाठी आलेले स्टीफन हिस्लॉप टाकळीचे थर तपासत हिंडले. १८६० मध्ये त्यांनी नव्या प्रजातींची वर्णनं छापली, तीही लॅटिनमध्ये. पालुडिना टाकलिएन्सिस, सक्सिनिया नागपुरेन्सिस ही नावं त्यांचीच. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. ज्यांवरून नावं पडली ते त्यांचे मूळ नमुने आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. टाकळीची गोगलगाय ताडून पाहायची तर नागपूरकराने लंडन गाठायचं.

नाव पडलं तरी वर्गीकरण थांबत नाही. नावातला पालुडिना हा पहिला शब्द मागे पडला, त्या जागी व्हिविपॅरस आला. फायसा प्रिन्सेपीला अनेक अभ्यासक आता प्लॅटिफायसा म्हणतात. पहिला शब्द बदलला. ‘प्रिन्सेपी’ कायम, कारण आधी दिलेल्या नावाचा मान आधी.

(दृश्य : नकाशा, कच्छ ते सिरोंचा)

डायनासोर म्हटलं की पोरं ‘ज्युरासिक’ म्हणतात. तो काळ याच्या कितीतरी आधीचा, सुमारे २० कोटी ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचा. ज्युरासिक काळातल्या समुद्री गोगलगायी हव्या असतील तर कच्छला जायचं. विदर्भाचा ज्युरासिक सिरोंचाकडे, कोटा गावाच्या चुनखडीत आहे. तिथले मासे प्रसिद्ध. समुद्री शंख ओळखायची पद्धत हीच, खुणा फक्त वेगळ्या. प्लुरोटोमेरिया या समुद्री गोगलगायीच्या ओठाला चीर असते आणि शंख वाढताना ती बुजत गेल्याचा पट्टा वेढ्यांवर उमटतो. तो पट्टा सापडला की घराणं सापडलं.

(दृश्य : ट्रे, लेबलं, शेवटचा नमुना)

या ट्रेमधल्या एका नमुन्याच्या लेबलवर प्रजातीची जागा मोकळी आहे. कवच विरघळून गेलंय, आतल्या पोकळीचा साचा तेवढा उरलाय. तोंड तुटलेलं, बाहेरच्या रेघा नाहीत. अशा साच्यावर नवं नाव ठोकून देणारे पूर्वी झाले, त्यांचे गोंधळ अजून निस्तरायचे आहेत. या मुलांनी ते केलं नाही, हे आम्हाला फार आवडलं. तोंड शाबूत असलेला जोडीदार मिळाला तर धुऱ्यावरच्या त्याच ढिगांत मिळेल. रस्त्याच्या भरावासाठी त्यातले दोन ढीग, चित्रीकरण चालू असतानाच, ट्रॅक्टरने उचलून नेले.