मॉडेल रेल्वेचे सांधे पुश बटणावर: कॉइल न जाळता वायरिंग कसं करायचं

(टेबलावर सांधा उलटा ठेवलेला, खालची मोटर दिसते आहे)

नमस्कार मंडळी. हा आहे एचओचा, म्हणजे 1:87 मापाचा सांधा, गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा तुकडा, आणि त्याच्या पोटाशी बसवलेली ही पेको कंपनीची पीएल-10 मोटर. सगळे मोटर म्हणतात, पण आत गरगर फिरणारं काहीच नाही. दोन कॉइल आहेत आणि त्यांच्या मधून जाणारा एक लोखंडी दांडा. या कॉइलला वीज दिली की दांडा इकडे येतो, त्या कॉइलला दिली की तिकडे जातो. दांड्यावरची पिन रुळाच्या जिभा, म्हणजे सांध्यातल्या सरकणाऱ्या टोकदार पट्ट्या, सरकवते आणि सांध्यातली बारीक स्प्रिंग त्यांना तिथेच धरून ठेवते. म्हणजे कॉइलचं काम एका क्षणाचं. तो क्षण संपला की तिला वीज लागत नाही, आणि मिळताही कामा नये.

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून घरी मांडणी करायला घेतलेले लोक बहुतेक वेळा हेच विचारतात, की सांधे बटणावर कसे घ्यायचे? आणि बऱ्याच घरांत पहिली कॉइल जळते ती या एका क्षणापायीच. हिशेब करून बघू. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण साडेचार ओहम. 24 व्होल्टचा सप्लाय सरळ जोडला तर पाच अँपिअरच्या वर करंट, म्हणजे सव्वाशे वॉटच्या आसपास उष्णता, तीही बोटाच्या पेराएवढ्या कॉइलमध्ये. मुलानं बटण दाबून धरलं, किंवा बटण आतच अडकलं, की थोड्याच वेळात धूर.

म्हणून सीडीयू, कपॅसिटर डिस्चार्ज युनिट. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग. ते नसेल तर पुश बटण लावूच नका, इतकं माझं स्पष्ट मत आहे. फ्लशची टाकी जशी हळूहळू भरते आणि कळ दाबली की एकदम रिकामी होते, तसंच हे. 24 व्होल्ट डीसीचा तयार अडॅप्टर घ्या. त्याच्या प्लसला 100 ओहम, 10 वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर. रेझिस्टरच्या पुढच्या टोकापासून मायनसपर्यंत 4700 मायक्रोफॅरडचा, 50 व्होल्टचा कपॅसिटर. झालं युनिट. कपॅसिटरवर मायनसची पट्टी छापलेली असते, ती मायनसलाच गेली पाहिजे. उलटा लावलात तर तो फुटतो, तेव्हा सप्लाय लावण्यापूर्वी परत एकदा बघा.

(क्लोजअप: बटण दाबतो, सांधा बदलतो)

ऐकलंत? टक्. कपॅसिटरमधली सगळी वीज सेकंदाच्या दहाव्या भागात गेली. आता मी बटण सोडतच नाही. कॉइलमधून काय चाललंय? रेझिस्टरचे 100 आणि कॉइलचे साधारण 4 ओहम, तेव्हा 24 भागिले 104, म्हणजे पाव अँपिअरहून कमी. कॉइलमध्ये पाव वॉटसुद्धा उष्णता नाही. हात लावून बघतो, गार आहे. गरम होतोय तो रेझिस्टर, पाच वॉटच्या थोडा वर, म्हणूनच तो दहा वॉटचा घेतला. त्याला प्लायला चिकटवू नका, मोकळ्या हवेत ठेवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बटण दाबलेलं असेपर्यंत कपॅसिटर भरत नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी मांडणीवरचा एकही सांधा हलेनासा झाला, तर युनिट खोलत बसू नका. आधी पॅनलवर अडकलेलं बटण शोधा.

आता बटणं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नुसतं ‘पुश बटण’ म्हणालात तर दुकानदार दाबलं की दाबलेलंच राहणारं बटणही हातात ठेवेल. आपल्याला हवं ते सोडलं की सुटणारं, पुश-टू-मेक. आणि तीन अँपिअरचं मागा, कारण पहिला झटका पाच अँपिअरचा आहे, बारीक बटणाचे कॉन्टॅक्ट त्यानं हळूहळू खाल्ले जातात.

जोडणी सोपी आहे. युनिटच्या प्लसची एक वायर पॅनलभर फिरवा आणि प्रत्येक बटणाचा एक पाय तिला जोडा. दुसऱ्या पायापासून वायर थेट कॉइलला. सरळ मार्गाचं बटण एका कॉइलला, वळणाचं दुसऱ्या. दोन्ही कॉइलची उरलेली टोकं एकत्र करून युनिटच्या मायनसला. सामाईक वायर मात्र जाड हवी, घरच्या वायरिंगची एक स्क्वेअर एमएम चालेल. टेलिफोनच्या केबलसारखी बारीक वायर पाच मीटर नेलीत, तर जाऊन-येऊन होणारे दहा मीटर झटक्याचा बराच भाग स्वतःच गिळतात, आणि सांधा अर्ध्यात अडकतो. मग लोक मोटर बदलतात. मोटरचा काही दोष नसतो.

टॉर्टॉइससारखी हळू फिरणारी मोटर असेल तर हे काहीच लागू नाही. तिला 12 व्होल्ट सतत लागतात आणि दिशा बदलायला प्लस-मायनस उलटे करावे लागतात. तिथे टॉगल स्विच किंवा लॅचिंग रिले, म्हणजे विजेनं बदलणारा आणि बदलल्यावर तसाच राहणारा स्विच. तो वेगळा विषय.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पॅनलवर दिवे हवेत: सांधा सरळ असेल तर हिरवा, वळणावर असेल तर पिवळा. बरेच जण हे दिवे बटणाच्या बाजूनं, रिलेवरून घेतात. तसं करू नका. बटण दाबलं गेलं एवढंच त्या दिव्याला कळतं. जिभेत खडीचा एक दाणा अडकला तरी दिवा बदलणार, आणि गाडी घसरणार. आपल्या खऱ्या रेल्वेत स्टेशन मास्तरांच्या पॅनलवरही बटणंच असतात. चुकून हात लागून सांधा बदलू नये म्हणून दोन बटणं एकदम दाबावी लागतात. त्यानंतर 110 व्होल्टची पॉइंट मशीन सांधा फिरवते. पण जिभा जागेवर बसून कुलूपबंद झाल्याची खूण सांध्याकडून परत आल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. जे सांगायचं ते सांध्यानं सांगायचं.

घरी तेच करता येतं. मोटरच्या दांड्यावर पेकोचा पीएल-13 स्विच बसतो, किंवा साधा मायक्रोस्विच लावा. त्याच्या मधल्या पायाला वेगळ्या सप्लायचे 12 व्होल्ट, दोन बाजूंना दोन एलईडी, प्रत्येकाला एक किलोओहमचा रेझिस्टर. दहा मिलिअँपिअर पुरे.

(पॅनलवर चार रुळांच्या यार्डाचं चित्र)

आता एका बटणात पूर्ण मार्ग. इथे एका रांगेत तीन सांधे आहेत आणि चार रूळ. पहिल्या रुळासाठी पहिला सांधा वळणावर. दुसऱ्यासाठी पहिला सरळ, दुसरा वळणावर. तिसऱ्यासाठी पहिले दोन सरळ, तिसरा वळणावर. चौथ्यासाठी तिन्ही सरळ. बटणं चारच, रुळाच्या चित्रावरच बसवलेली. बटणाकडून प्रत्येक कॉइलला जाताना मध्ये 1एन5401 डायोड घाला, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, चंदेरी पट्टी कॉइलकडे. डायोड नसतील तर वायरी एकमेकींत मिळतात, एका बटणाची वीज दुसऱ्याच्या वायरींतून उलटी फिरते आणि नको ते सांधे हलतात. मोजले तर नऊ डायोड होतात. पहिल्या सांध्याची वळणाची कॉइल एकाच बटणावर आहे, तिथला वगळला तरी चालेल, पण मी तोही घालतो. उद्या आणखी एखादा मार्ग वाढवायचा झाला तर पॅनल उचकटावं लागत नाही.

तीन कॉइल एकदम ओढायच्या म्हणजे 4700 पुरणार नाही. 10,000 मायक्रोफॅरड घाला. भरायला साधारण पाच सेकंद लागतील, पण यार्डात तेवढा वेळ असतोच, कारण आधीची गाडी सांध्यावरून पूर्ण पलीकडे गेल्याशिवाय पुढचं बटण दाबायचंच नसतं.