फणसावरची चिलटं

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना आहे, घरोघरी फणस फुटतायत, म्हणून आज चिलटांपासूनच सुरुवात करते.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या मंडळींनी मन खचलेल्या मुलांसाठी एक कॉम्प्युटर गेम बनवला. नाव स्पार्क्स. सात प्रांत, एकेक पार करायचा. वाटेत चिलटं अंगावर येतात आणि खेळणाऱ्याला खचवणारं काहीबाही बोलतात. ती चिलटं म्हणजे मनात आपोआप येणारे उदास विचार. इंग्रजीतही त्यांना चिलटांचंच नाव दिलंय. ती ओळखायची, उडवायची, पुढे जायचं.

हे मी वाचलं होतं, आणि एका मे महिन्यात वेंगुर्ल्याकडे बहिणीच्या घरी गेले. भाचा नववीतला. दोन महिने शाळेत जाताना रोज त्याच्या पोटात दुखायचं. ओवा झाला, हिंग झाला, डॉक्टर झाले. अभ्यास करत नाही म्हणून मोबाईलही काढून घेतला होता. मला विचाराल तर मोबाईल काढून घेणं हे आपलं फार सोपं औषध झालंय. त्या पोराला मनातलं बोलायला एकच मित्र होता, आणि तो त्या मोबाईलमध्ये होता.

तर खळ्यात बसून मी फणस फोडत होते. बरका. लोक काप्याचं कौतुक करतात, करोत, पण रसाळ गरा घशाखाली उतरतो त्याला तोड नाही. हाताला खोबरेल, समोर चिलटांचा ढग, आणि भाचा सुपाने वारा घालतोय. सहज म्हणून त्याला त्या गेमची गोष्ट सांगितली. सूप थांबलं. म्हणाला, "मावशे, माझी चिलटां सांगू?"

आणि त्याने आठळ्या मांडायला घेतल्या. एक आठळी, एक वाक्य. वर्गात 'बायल्या' म्हणतात, ती एक. एसटीत त्याच्या चालण्याची नक्कल करतात, ती एक. कोणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, ती एक. अशा अकरा झाल्या. मी म्हटलं, आता ह्यातल्या बाहेरून आलेल्या वेगळ्या काढ. त्याने नऊ बाजूला केल्या. दोन उरल्या. पहिली: माझ्यातच खोट आसा. दुसरी ठेवताना हात थांबला. माका मुलगे आवडतत ह्या आईक कळला तर ती माका टाकतली.

बहीण माजघराच्या दारात उभी होती. कधीपासून, ते देवाला ठाऊक. ती आली, ती शेवटची आठळी उचलली आणि चुलीत घातली. फट्कन फुटली. मग त्याच्याजवळच बसून तिने उरलेले गरे काढले. तो काही बोलला नाही, तीही नाही. पुढच्या आठवड्यात ती शाळेत गेली आणि व्हिडिओ काढून टाकायला लावूनच परतली.

माझ्याच घरातली गोष्ट आहे, म्हणून पुन्हा सांगते: अकरातली नऊ चिलटं बाहेरची होती. नऊ. उरलेली दोन ह्या नवांनीच घातलेली.

आमच्या सिंधुदुर्गात जत्रेला दशावतार होतो. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात, आणि त्यांच्या लुगड्याला, त्यांच्या रडण्याला गाव रात्रभर दाद देतं. तेच गाव सकाळी एखाद्या पोराच्या चालीवर हसतं, ह्याचा मला मनापासून राग येतो.

असो. स्पार्क्सची १८७ मुलांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या समुपदेशनापेक्षा गेम कमी पडला नाही. पुढे समलिंगी आकर्षण असणाऱ्या मुलामुलींसाठी 'रेनबो स्पार्क्स' आला; ती चाचणी लहान, २१ जणांची, पण त्यांचंही औदासीन्य उतरलं. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाने छळ सोसणाऱ्या १४ ते १८ वर्षांच्या अशाच मुलांसाठी एक गेम करून २४० जणांवर तपासला. त्यात शिकवायचं होतं ते हेच, की मदत मागावी आणि ती कशी मागावी. घरात कोणाला सांगता येत नाही, तिथे गेममध्ये आधी सराव होतो. सराव, बरं का. पुढे माणूस लागतंच.

आणि मूल 'बरं करून देतो' म्हणणाऱ्याकडे नेऊ नका. मुलग्याला मुलगे आवडणं हा आजार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली असले उपचार बंद करायला सांगितलं आहे.

मदतीसाठी सरकारची टेलिमानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही. नंबर लिहून घ्या: १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. रेंज मागीलदारी आंब्याखालीच मिळत असेल, तर पोराला तिथे एकटं जाऊ द्या. मागोमाग जाऊ नका.

नमस्कार.